मागच्याच्या वेगाने : ओझरहून ट्रेल मॅरेथॉनची तयारी

नाशिक जिल्ह्यातलं ओझर म्हटलं की बाहेरच्या माणसाला आधी विमानांचा कारखाना आठवतो. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने 1964 मध्ये इथे मिग-21 साठी कारखाना उभारला, पुढे सुखोई-30 आली. त्या निमित्ताने वसलेल्या टाऊनशिपच्या सरळ, झाडांच्या सावलीतल्या रस्त्यांनी परिसरातल्या कितीतरी जणांना पळायची गोडी लावली. सपाट रस्त्यावर 10 आणि 21 किलोमीटर सहज करणाऱ्या मित्रांच्या गटात कधीतरी विषय निघतोच, की आता डोंगरात एक मॅरेथॉन करूया. हा लेख अशा गटासाठी आहे. एकट्याने ट्रेल पळणारे असतात, उत्तम पळतात. पण पहिली ट्रेल मॅरेथॉन मित्रांसोबत करावी आणि ती गटातल्या सगळ्यात मागच्याच्या वेगाने करावी, असं माझं ठाम मत आहे. कारणं पुढे येतीलच.

## ट्रेल मॅरेथॉन म्हणजे काय

मॅरेथॉनचं अंतर 42.195 किलोमीटर. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते पहिल्यांदा धावलं गेलं आणि 1921 मध्ये कायमचं ठरलं. ट्रेलवर मात्र हा आकडा इतका काटेकोर नसतो. आयोजक 40 किंवा 45 किलोमीटरच्या शर्यतीलाही मॅरेथॉन म्हणतात, कारण डोंगराची वाट फूटपट्टीने आखता येत नाही. त्याहून लांब ती अल्ट्रा. डांबर जवळजवळ नसतं. पायाखाली मुरूम, कातळ, ढोरवाटा, ओढ्यातले गोटे, गवताळ सोंड आणि उतारावरचा घसारा.

त्यामुळे रस्त्यावरची वेळ इथे कामाला येत नाही. रस्त्यावर साडेचार तासांत मॅरेथॉन करणाऱ्याला सह्याद्रीत तेवढ्याच अंतराला आठ-दहा तास लागले तर त्यात कमीपणा नाही. चढ चालतच चढायचा असतो. जगातले अव्वल ट्रेल धावपटूही उभ्या चढावर गुडघ्यांवर हात रोवून चालतात.

## अंतराआधी चढ मोजा

शर्यतीची माहिती वाचताना किलोमीटरच्या आधी एकूण चढाई किती मीटर आहे ते पाहा. आंतरराष्ट्रीय ट्रेल संघटनेचा हिशेब सोपा आहे. दर 100 मीटर चढाईला एक किलोमीटर अंतरात मिळवायचा. 42 किलोमीटरच्या वाटेवर एकूण 1,800 मीटर चढ असेल, तर मेहनत सपाटीवरच्या 60 किलोमीटरची.

दुसरा हिशेब जुना आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये चालणाऱ्यांसाठी एक नियम मांडला. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. वरच्याच वाटेला तो लावला तर साडेअकरा तासांच्या आसपास आकडा येतो. सपाटीवर आणि उतारावर पळाल्याने यातले दोन-तीन तास वाचतात, जास्त नाही. आयोजकांनी दिलेला कटऑफ या आकड्याशी ताडून पाहा आणि गटातल्या सगळ्यात सावकाश पळणाऱ्याला तो जमेल का, हे पैसे भरण्याआधी ठरवा. नावं नोंदवून झाल्यावर हा प्रश्न विचारायला कोणाचीच जीभ रेटत नाही.

## ओझरच्या आसपास कुठे पळायचं

ओझर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. गाव सपाट, पण क्षितिजावर कुठेही पाहिलं तरी डोंगर दिसतो. सरावाला एवढी सोयीची जागा जिल्ह्यात फार नाही.

आठवड्याच्या मधल्या दिवशी पाटाकडेचे आणि चारीकडेचे कच्चे रस्ते पुरेसे आहेत. ओझर, जानोरी, मोहाडी या पट्ट्यात द्राक्षबागांमधून जाणारे मुरमाचे रस्ते मैलोन्‌मैल मिळतात. इथे चढ नाही, पण खडबडीत जमिनीवर घोटा सावरायची सवय लागते आणि तीच आधी हवी. शेतातून जाणारी वाट खासगी असते हे विसरू नका. मालकाला एकदा भेटून विचारलं की पुढे कोणी अडवत नाही, उलट चहा मिळतो. कारखान्याच्या आणि धावपट्टीच्या कुंपणालगतचा भाग संरक्षण खात्याचा आहे. तिथे फोटो, ड्रोन असले प्रकार पूर्ण टाळा.

चढाच्या सरावाला रामशेज. पेठ रस्त्यावरच्या आशेवाडीतून किल्ल्याची वाट निघते. संभाजी महाराजांच्या काळात मुघलांना वर्षानुवर्षं झुंजवणारा हाच तो किल्ला. उंचीने थोराड नाही, म्हणूनच सरावाला योग्य. एकदा वर जाऊन फोटो काढून परतायचं नाही. पायथा ते माथा अशा दोन, मग तीन, मग चार फेऱ्या करायच्या. पाय कसे तयार होत चाललेत ते त्याच त्या वाटेवर नीट कळतं. म्हसरूळजवळची चांभारलेणी आणि महामार्गालगतची पांडवलेणी या टेकड्या पायऱ्यांच्या सरावाला चांगल्या. पायऱ्या उतरताना गुडघ्यावर येणारा भार पेलायची सवय पुढे उपयोगी पडते.

लांब पल्ल्यासाठी त्र्यंबकेश्वरची बाजू किंवा चांदवड-सातमाळ्याची रांग. ब्रह्मगिरी 1,300 मीटरच्या जवळ आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्याला होणारी फेरी ही आपल्या भागातली सगळ्यात जुनी लांब पल्ल्याची पायपीट म्हणायला हरकत नाही. लहान फेरी 20 किलोमीटरच्या आसपास भरते. रात्रभर हजारो माणसं, कित्येक अनवाणी, चिखलातून चालत असतात. त्या गर्दीत पळायला जाऊ नये. पण एकदा सगळ्या गटाने ती फेरी चालून करावी. पाय ओले, डोळ्यांवर झोप आणि तरी चालत राहायचं, याची सवय दुसरीकडे इतक्या सुरक्षितपणे होत नाही.

अंजनेरीबद्दल मात्र हात आखडता घ्यायला सांगेन. ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे, वनखात्याच्या वेळा आणि नियम आहेत. सेरोपेजिया अंजनेरिका हे कंदिलासारख्या फुलाचं रोप त्याच डोंगराच्या नावाने ओळखलं जातं. पठारावर पावसाळ्यानंतर मळलेली वाट सोडून पळणारे वीस पाय म्हणजे वीस नांगर. जा, पण वाटेवरच राहा आणि घोळका छोटा ठेवा.

## गट कसा बांधायचा

सहा ते आठ जण बरे. चारपेक्षा कमी नकोत. डोंगरात कोणाचा पाय मुरगळला तर एकाने त्याच्याजवळ थांबायचं आणि दोघांनी मिळून मदत आणायला जायचं, हा गिर्यारोहकांचा जुना हिशेब आहे. तिघांमध्ये तो बसत नाही.

आता वेगाचा मुद्दा. बहुतेक गट इथेच फुटतात. पुढचे दोघं जोरात निघतात, माथ्यावर पंधरा मिनिटं बसून पाणी पितात. मागचा धापा टाकत पोचला की लगेच उठून म्हणतात, चला. म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्याला ती सगळ्यात कमी मिळते. तासाभरात तो आणखी मागे पडतो, खाणं-पिणं चुकवतो, घाईने पाय टाकतो, आणि घसाऱ्यावर पडतो तो नेमका हाच.

ओझरला या प्रश्नाचं उत्तर गावाच्याच इतिहासात सापडतं. वाघाड धरणाच्या पाटावर ओझरचं शिवार शेवटाला. वरचे शेतकरी पाणी उचलत आणि खाली पोचेपर्यंत पाट कोरडा पडे. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने समाज परिवर्तन केंद्राने 1990 च्या सुमारास इथे शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचं, पट्टी स्वतः गोळा करायची आणि शेवटच्या शेतालाही त्याचा वाटा पोचवायचा. राज्यभरातून लोक ते पाहायला आले. पळण्याच्या गटालाही तीच शिस्त लागते. हिशेब शेवटच्यापासून सुरू करायचा.

प्रत्यक्षात हे असं होतं. सगळ्यात सावकाश माणूस पुढून दुसरा राहील. पहिल्या जागी वाट माहीत असलेला आणि स्वतःला आवरू शकणारा गडी. शेवटी गटातला सगळ्यात दमदार माणूस, त्याच्याकडे प्रथमोपचाराची पिशवी. त्याच्या मागे कोणी जायचं नाही. लघवीला थांबणाऱ्याने पिशवी वाटेवर ठेवायची, म्हणजे शेवटचा ती पाहून थांबतो. फाट्यावर पुढच्याने मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही. माथ्यावर पोचल्यावर विश्रांतीचं घड्याळ शेवटचा पोचल्यापासून सुरू.

पुढच्या दमदारांना हे जाचक वाटेल. त्यांच्यासाठी सोपा उपाय आहे. चढावर त्यांनी वर जाऊन परत खाली शेवटच्यापर्यंत यायचं आणि पुन्हा वर जायचं. त्यांचा सराव दुप्पट होतो, गटही एकत्र राहतो.

शर्यतीच्या दिवशीचा नियम आदल्या रात्री ठरवा. सगळे शेवटपर्यंत एकत्र राहणार की दोन-दोनच्या जोड्यांनी जाणार, दोन्ही चालतं. गाठीला फक्त ‘बघू तिथे गेल्यावर’ एवढंच असेल, तर तिसाव्या किलोमीटरला दमलेल्या डोक्यांनी घेतलेला निर्णय वर्षभराची मैत्री नासवू शकतो.

## उताराचा सराव

रस्त्यावरून आलेल्या धावपटूंना चढाची भीती असते, पण हाल होतात ते उतारावर. खाली उतरताना मांडीचे पुढचे स्नायू लांबत असतानाच शरीराचा भार पेलतात. त्यात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो तो त्यामुळे. चांगली गोष्ट अशी, की उताराचा एक जोरकस सराव झाला की त्याच स्नायूंना पुढचे काही आठवडे बरंच संरक्षण मिळतं. म्हणून शर्यतीच्या दोन ते तीन आठवडे आधी रामशेजच्या चार उतरण्या नीट पळून घ्याव्यात. शेवटच्या आठवड्यात मात्र अजिबात नाही.

तंत्र थोडक्यात सांगायचं तर पावलं आखूड, गुडघा किंचित वाकलेला, हात थोडे फाकलेले. नजर बुटांवर नको, तीन-चार मीटर पुढे. मागे रेलून टाचेवर ब्रेक लावला की घसाऱ्यावर पाय निसटतो. दोघांमध्ये दहा-बारा पावलांचं अंतर ठेवा. दगड सुटला तर लगेच ‘दगड!’ म्हणून मोठ्याने ओरडायचं, लाजायचं नाही.

बाकी सरावात नवं काही नाही. आठवड्यातून एकदा लांब पळणं, तेही तासांत मोजून. हळूहळू चार-पाच तासांपर्यंत. शनिवारी लांब पळून रविवारी दमलेल्या पायांनी पुन्हा दोन तास. दर चौथ्या आठवड्याला भार कमी. नवख्या गटाला पाच-सहा महिने लागतात.

## पाणी, मीठ, खाणं

जास्त पाणी पिणं हाही धोका आहे, हे अजून पुष्कळांना पटत नाही. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा 13 टक्के जणांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीखाली गेलेलं आढळलं. पळता पळता ज्यांचं वजन वाढलं होतं, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी जे प्यायले, त्यांच्यात हे प्रमाण मोठं होतं. डोकं जड होणं, मळमळ, बोटं सुजून अंगठी रुतणं, असंबद्ध बोलणं ही लक्षणं दिसली तर आणखी पाणी पाजू नका, वैद्यकीय मदत गाठा. तहानेप्रमाणे प्या. आपल्या हवेत ते साधारण तासाला 400 ते 800 मिलिलिटर भरतं.

मिठासाठी ओआरएसची पुडी सगळ्यात स्वस्त आणि भरवशाची. पुडीवर लिहिलेल्या मापातच पाणी घ्या. अर्ध्या पाण्यात केलेलं घट्ट ओआरएस पोट बिघडवतं.

खाण्याचं माप तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं. त्यासाठी महागडी जेल लागतातच असं नाही. मूठभर, म्हणजे 40 ग्रॅम मनुक्यांत सुमारे 30 ग्रॅम कर्बोदकं असतात, आणि मनुक्यांना आपल्याकडे काय तोटा! उकडलेलं रताळं मीठ लावून, राजगिऱ्याची वडी, केळं, गूळ-शेंगदाणे हेही चालतं. शेंगदाणे पहिल्या अर्ध्यातच खा, नंतर पचायला जड जातात. जे शर्यतीत खाणार तेच सरावात खाल्लेलं हवं. भूक लागण्याची वाट पाहू नका. दर 40 मिनिटांनी शेवटच्याने हाक द्यायची आणि सगळ्यांनी काहीतरी तोंडात टाकायचं.

दुखतंय म्हणून मध्येच आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेण्याची सवय काही जणांना असते. घाम गाळत तासन्‌तास पळताना मूत्रपिंडावर आधीच ताण असतो, या गोळ्या तो वाढवतात. शर्यतीत त्या नकोतच.

## बिबट्या, मधमाश्या आणि फवारणी

निफाड आणि दिंडोरी तालुक्यांत उसात बिबट्याचा वावर आहे, ही ऐकीव गोष्ट नाही. पाटाकडेला अंधारात पळायचं तर एकटं नाहीच. घोळक्याने, गप्पा मारत, डोक्याला विजेरी लावून. उसाच्या फडाला लागून असलेली वाट उजाडल्यावरच धरा. बिबट्या दिसला तर पळू नका, कारण पळणाऱ्याच्या मागे लागणं हा त्याचा स्वभाव. एकत्र या, हात वर करून मोठे दिसा, आवाज करा, तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका. वनखात्याची मदतवाहिनी 1926 सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

कड्यावरची आग्यामोहळं जास्त घातक. अत्तर, डिओ लावून डोंगरात जाऊ नये. खाली शेकोटी, धूर, वर आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर हात झाडू नका. तोंड-डोकं कपड्याने झाकून आल्या वाटेने लांब पळा.

तिसरी गोष्ट फक्त आपल्या भागातली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षाची गोडी छाटणी सुरू झाली की बागांत ब्लोअरने औषध मारलं जातं. सकाळचा वारा पडलेला असताना ट्रॅक्टर बागेत असतो आणि आपणही त्याच वेळी बाहेर. पांढरा धुरळा दिसला, औषधाचा वास आला की वाट बदला. पळताना आपण नेहमीच्या कित्येक पट हवा छातीत ओढतो. बागेतल्या टाकीचं, हौदाचं पाणी पिऊ नका. त्यात औषध कालवलेलं असू शकतं.

## हवामान हलक्यात घेऊ नका

22 मे 2021 ला चीनच्या गान्सू प्रांतात 100 किलोमीटरची डोंगरी शर्यत सुरू होती. दुपारी अचानक गारा, बर्फाळ पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला. 172 स्पर्धकांपैकी 21 जण गारठून दगावले, त्यांत देशातले नामवंत धावपटू होते. वारा अडवणारं जाकीट बाळगण्याची सक्ती नव्हती. झू केमिंग नावाच्या मेंढपाळाने गुहेत शेकोटी पेटवून सहा जणांना वाचवलं.

सह्याद्रीत बर्फ नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रावर थंडीत पारा एक आकडी होतो आणि राज्यातल्या नीचांकाची बातमी बऱ्याचदा तिथूनच येते. घामाने भिजलेला बनियन, माथ्यावरचा वारा आणि पाय मुरगळून थांबलेला माणूस एवढ्यावर शरीर थंड पडायला लागतं. प्रत्येकाच्या पाठीवर पातळ वाराजाकीट, चांदीच्या कागदासारखं दिसणारं आपत्कालीन पांघरूण, शिट्टी, विजेरी, दीड लिटर पाणी आणि चार्ज केलेला फोन हवाच. मिनिटाला सहा शिट्ट्या आणि मग एक मिनिट थांबणं, ही डोंगरातली मदतीची हाक जगभर ओळखली जाते. उत्तर तीन शिट्ट्यांनी येतं. 112 आणि 108 हे क्रमांक सगळ्यांना माहीत असतात, पण आपण नेमके कुठे आहोत हे सांगता यायला हवं. म्हणून वाटेचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा.

## कुठली शर्यत निवडायची

2012 पासून होणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन रस्त्यावरची आहे, पण यवतेश्वरचा घाट चढाची चव देतो. पहिला टप्पा म्हणून चांगली. खऱ्या सह्याद्रीसाठी सिंहगड, राजगड आणि तोरणा जोडणारी एसआरटी अल्ट्रा. तिच्यात 11, 25, 53 आणि 100 किलोमीटरचे गट असतात. 53 च्या मोहात लगेच पडू नका. सगळ्या गटाने एक वर्ष 25 करावी, वाट ओळखावी आणि मग पुढच्या वर्षी मोठी. आल्प्समध्ये 2003 पासून होणाऱ्या माँ ब्लाँच्या सुमारे 170 किलोमीटरच्या शर्यतीतही आधी लहान शर्यती पूर्ण केल्याशिवाय प्रवेश मिळत नाही.

आणि डोंगरात पळणं हे शहरातल्या हौशी लोकांचं खूळ आहे असं कोणी म्हणालं, तर हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊतचं नाव सांगा. आदिवासी पाड्यातल्या चढउतारांवर वाढलेल्या या मुलीने 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य पदक मिळवलं. नाशिक जिल्ह्याला हे पळणं बाहेरून आलेलं नाही.

## परत येताना

शेवटचा माणूस रेषा ओलांडेपर्यंत गटातल्या कोणी जेवायला बसायचं नाही. मग सगळ्यांनी कोरडे कपडे, गरम काहीतरी आणि खारट काहीतरी. त्या दिवशी लघवी चहासारख्या गडद रंगाची झाली किंवा झालीच नाही, तर घरी न थांबता डॉक्टरकडे जा. स्नायूंची इजा मूत्रपिंडापर्यंत पोचल्याची ती खूण असू शकते.

एसआरटीला गेलात तर लक्षात ठेवा, तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्यापासून ओझर अडीचशे किलोमीटरहून लांब आहे. पहाटे तीनला उठून दिवसभर डोंगर पळालेल्या माणसाने त्या रात्री गाडी चालवू नये. एक न पळणारा मित्र चालक म्हणून सोबत न्या, नाहीतर रात्री तिथेच मुक्काम करा आणि खोलीचे पैसे शर्यतीच्या खर्चातच धरा.